अर्थक्षेत्रे आणि शब्दसंपदा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• 'अर्थक्षेत्र' ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• पर्यायबाहुल्य आणि भेदबाहुल्य यांतील फरक उदाहरणांसह सांगता येईल.
• एखाद्या अर्थक्षेत्रात शब्दांची दाटी का होते, याची कारणे मांडता येतील.
• शब्दसंख्येवरून काढल्या जाणाऱ्या चुकीच्या निष्कर्षांची चिकित्सा करता येईल.
• आपल्या परिसरातील एका अर्थक्षेत्राची शब्दसूची पद्धतशीरपणे तयार करता येईल.

१. प्रास्ताविक

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात वेळणेश्वर हे समुद्रकाठचे गाव आहे. शंकराच्या देवस्थानामुळे ते महाराष्ट्रभर परिचित आहे. समोर समुद्र, पुळणीला लागून माड आणि पाठीशी डोंगर अशी कोकण किनाऱ्यावरील अनेक गावांसारखीच त्याची ठेवण आहे. या परिसरातील एखाद्या घरात जुलै महिन्यात 'आज भात लावला' हे वाक्य कानी पडले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. चिखल करून ठेवलेल्या शेतात भाताची लावणी झाली, हा एक. आणि चुलीवर भात शिजत ठेवला, हा दुसरा. बोलणाऱ्याच्या पायांना चिखल आहे की हातात पळी, यावरून ऐकणाऱ्यास अर्थ कळतो. गैरसमज सहसा होत नाही.

हे उदाहरण मुद्दाम आरंभी घेतले आहे. भात हे कोकणचे मुख्य पीक. या क्षेत्रात येथील बोलीत शब्दांची रेलचेल आहे : शेतात डोलते ती लोंबी, झोडून निघते ते भात, त्याचे टरफल ते तूस, आतला दाणा तो तांदूळ, मोडलेला दाणा ती कणी, सडताना निघणारी पूड तो कोंडा, उरलेली काडी तो पेंढा आणि पातळ शिजवली ती पेज. इंग्रजीत यांपैकी भात, तांदूळ आणि शिजलेला भात या तिन्हींसाठी सामान्य व्यवहारात 'राइस' हा एकच शब्द चालतो. तरीही इतके भेद करणाऱ्या याच भाषेने उभे पीक आणि ताटातले अन्न या दोन टोकांना मात्र एकच नाव दिले आहे.

यातून दोन प्रश्न उभे राहतात. एखाद्या भाषेत काही विषयांसाठी पुष्कळ शब्द आणि काहींसाठी थोडे, असे का होते? आणि शब्द पुष्कळ असणे म्हणजे नेमके काय असणे? या घटकात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

२. अर्थक्षेत्र म्हणजे काय?

शब्दकोशात शब्द वर्णानुक्रमाने मांडलेले असतात. भाषकाच्या मनात मात्र ते अर्थाच्या नात्याने जोडलेले असतात. 'भरती' म्हटले की 'ओहोटी' आठवते. 'दीर' म्हटले की 'नणंद' आणि 'जाऊ' आठवतात. अनुभवाचा एक विभाग आपसांत वाटून घेणाऱ्या अशा शब्दसमूहाला अर्थक्षेत्र म्हणतात. जर्मन अभ्यासक जोस्ट ट्रिअर यांनी १९३१ मध्ये या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. तिच्यामागे फेर्दिनां द सोस्यूर यांचा मूल्यविचार होता. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, असे सोस्यूर यांचे प्रतिपादन आहे.

भारतीय परंपरेला ही मांडणी अपरिचित नव्हती. अमरकोशात शब्द वर्णानुक्रमाने नव्हे, तर वारिवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग अशा वर्गांनी येतात. मात्र अमरकोश आणि कोकणातील बोली यांच्या शब्दवैभवात एक मूलभूत फरक आहे. तो नीट समजून घ्यावा.

३. पर्यायबाहुल्य आणि भेदबाहुल्य

समुद्र, सागर, सिंधू, उदधी, अर्णव, रत्नाकर हे सर्व शब्द एकाच वस्तूचे वाचक आहेत. वृत्त, अनुप्रास किंवा भावच्छटा यांसाठी कवीला त्यांचा उपयोग होतो. परंतु अर्णव कोठे संपतो आणि उदधी कोठे सुरू होतो, असा प्रश्न विचारता येत नाही. याला आपण पर्यायबाहुल्य म्हणू.

आता किनाऱ्यावरचे शब्द पाहा. वाळूचा किनारा ती पुळण. भरतीचे खारे पाणी जेथे शिरते ती दलदलीची जमीन ते खाजण. जमिनीत आत आलेला समुद्राचा फाटा ती खाडी. किनाऱ्यालगतची नारळी-पोफळीची बाग ते आगर. डोंगरमाथ्यावरील जांभ्या दगडाचे सपाट पठार तो सडा. येथे एका शब्दाच्या जागी दुसरा घालता येत नाही. खाजणात माड लावावयास निघालेल्याला कोणीही अडवील. याला भेदबाहुल्य म्हणू.

एखादी भाषा अमुक क्षेत्रात समृद्ध आहे असे म्हणताना पर्याय मोजले जात आहेत की भेद, हे प्रथम पाहिले पाहिजे. ग्रंथभाषेची श्रीमंती पुष्कळदा पहिल्या प्रकारची आणि व्यवसायाच्या भाषेची श्रीमंती बहुधा दुसऱ्या प्रकारची असते.

४. शब्दांची दाटी का होते?

४.१ उपजीविका

माडाचे उदाहरण घेऊ. देशावर 'नारळाचे झाड' एवढ्याने भागते. किनाऱ्यावर कोवळा, वाढीस लागलेला माड तो कवाथा. फुलोरा ज्यातून येतो ती पोय. फळ कोवळे असता शहाळे आणि जून झाल्यावर नारळ. वरचे जाड साल ते सोडण. त्यातील तंतू तो काथ्या आणि त्याचा दोर ते सुंभ. कठीण कवच ती करवंटी. आतील गर ते खोबरे आणि ते सुकून करवंटीतून सुटले की गोटा. पान ती झावळी, विणलेली झावळी ते झाप, पात्याच्या मधली काडी तो हीर आणि हिरांची मोळी तो खराटा. 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' ही म्हण महाराष्ट्रभर वापरली जाते. सुंभ कशाचे असते हे मात्र सर्वांना ठाऊक असतेच असे नाही.

या प्रत्येक शब्दामागे एक उपयोग आहे. सोडण जळणाला जाते, काथ्या दोराला, झाप छपराला किंवा कुडाला, हीर केरसुणीला. ज्या अवयवाचे वेगळे काम, त्याला वेगळे नाव. क्रियापदांतही हेच दिसते. गाजर किसले जाते. नारळ मात्र खवला जातो, कारण त्याचे हत्यार, बसण्याची पद्धत आणि हाताची हालचाल वेगळी असते.

एडवर्ड सपीर यांनी १९१२ मध्ये भाषा आणि परिसर यांच्या संबंधावर लिहिलेल्या निबंधात हाच विचार मांडला होता. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नूटका लोकांच्या भाषेत समुद्री जीवांची सूक्ष्म नावे आहेत, असे सांगून त्यांनी युरोपातील मच्छीमार बास्क लोकांच्या शब्दसंग्रहाशी तिची तुलना केली. दोन भाषांचे कूळ अगदी निराळे असले तरी समान उपजीविकेमुळे त्यांच्या शब्दसंपदेची दाटी एकाच ठिकाणी होऊ शकते.

४.२ समाजरचना

नात्यांच्या शब्दांचे क्षेत्र परिसरावर नव्हे, समाजरचनेवर अवलंबून असते. काका, मामा, आतोबा आणि मावशीचा नवरा या चौघांसाठी इंग्रजीत 'अंकल' हा एक शब्द आहे. चुलत, आते, मामे आणि मावस या चार प्रकारच्या भावंडांसाठी 'कझिन' हा एकच शब्द आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात भारतातील नातेवाचक शब्द आणि विवाहाचे नियम यांचा एकत्रित अभ्यास केला आहे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाची मुलगी विवाहास चालते, चुलत्याची मुलगी निषिद्ध असते. ज्या समाजात या दोघींतील फरकावर विवाह ठरतो, तेथे दोघींना एका शब्दात गुंडाळणे सोयीचे नाही. एकत्र कुटुंबात दिराशी, नणंदेशी आणि जावेशी वागण्याच्या रीती निरनिराळ्या होत्या, म्हणून शब्दही निरनिराळे झाले.

४.३ संकेत आणि शुभाशुभ

कधी वस्तू एकच असते, पण प्रसंग बदलला की शब्द बदलतो. स्वयंपाकघरात नारळ फोडतात. देवापुढे तो 'वाढवतात'. हातातील बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' असे म्हणण्याची रीत आहे. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतात. येथे शब्दांचा भेद वस्तूतील भेदामुळे नव्हे, तर अशुभ टाळण्याच्या संकेतामुळे झालेला आहे.

४.४ भाषासंपर्क

समुद्र लोकांना तोडतो तसा जोडतोही. 'बंदर' आणि 'दर्या' हे शब्द फारसीतून आले. शेतकऱ्याचा नांगर संस्कृत 'लाङ्गल'पासून आला. खलाशाच्या नांगराचे नाते मात्र फारसी 'लंगर'शी जोडले जाते. मराठीत येताना दोघांचे रूप एक झाले. काजू हे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणले आणि नावही पोर्तुगीज भाषेतूनच आले. परंतु कोकणात तो रुजल्यावर त्याच्या रसाळ फळाला बोंडू आणि आतल्या गराला काजूगर अशी नावे मिळाली. म्हणजे अर्थक्षेत्र उसन्या शब्दाने सुरू झाले तरी पुढे ते स्वतःच्या बळावर वाढू शकते.

५. भेद कसे तपासावेत? अर्थघटकांचे विश्लेषण

दोन शब्द पर्याय आहेत की भेदवाचक, हे ठरविण्यासाठी त्यांचे अर्थघटक वेगळे करून पाहावेत. धान्य वा अन्य पदार्थ बारीक करण्याची मराठी क्रियापदे त्यासाठी उत्तम आहेत.

• दळणे : साधन जाते; पदार्थ कोरडा; फळ पीठ.
• भरडणे : साधन जाते; पदार्थ कोरडा; फळ जाडसर कण.
• कांडणे : साधन उखळ-मुसळ, टरफल वेगळे करण्याचा हेतू.
• सडणे : साधन उखळ-मुसळ, तांदळावरील कोंडा काढण्याचा हेतू. 'हातसडीचा तांदूळ' हा प्रयोग येथूनच आला.
• कुटणे : आघाताची क्रिया, मसाला, तिखट इत्यादींसाठी.
• वाटणे : साधन पाटा-वरवंटा, पदार्थ बहुधा ओला, चटणी, ओले खोबरे इत्यादींसाठी.
• उगाळणे : साधन सहाण, चंदन, हळकुंड, मात्रा इत्यादींसाठी.

साधन, पदार्थाचा ओलेपणा, क्रियेचा प्रकार आणि हेतू अशा चार घटकांवर हे सर्व शब्द परस्परांपासून वेगळे होतात. 'चंदन दळले' किंवा 'गहू उगाळले' असे म्हटल्यास वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही मराठी माणूस हसेल. हे हसू म्हणजेच दोन शब्दांत खरा भेद असल्याचा पुरावा होय.

६. शब्द मोजताना होणाऱ्या चुका

'एस्किमोंच्या भाषेत बर्फासाठी शेकडो शब्द आहेत' हे विधान आपण वाचले असेल. त्याचा इतिहास बोधप्रद आहे. फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार शब्दांचा दाखला दिला : जमिनीवरचे हिम, पडत असलेले हिम, वाऱ्याने वाहत जाणारे हिम आणि वाऱ्याने साचलेला ढीग. इंग्रजीतही पाण्यासाठी तळे, नदी, पाऊस, दव, लाट असे निरनिराळे शब्द आहेत, हे त्यांनी त्याच जागी नमूद केले होते. बेंजामिन ली व्होर्फ यांच्या १९४० मधील लेखात हा दाखला विस्तारला आणि पुढे वृत्तपत्रांतून संख्या वाढतच गेली. लॉरा मार्टिन यांनी १९८६ मध्ये या फुगवट्याचा माग काढला. जेफ्री पुलम यांनी त्यावर उपरोधिक टीका केली.

मुख्य अडचण 'शब्द' कशाला म्हणावे ही होती. त्या भाषांत एका धातूला प्रत्ययांमागून प्रत्यय लागून पूर्ण वाक्याएवढे शब्द बनतात. अशी प्रत्येक रचना वेगळी मोजली तर संख्येला अंत राहत नाही. आपणही कांडणे, कांडण, कांडप, कांडपी हे चार वेगळे शब्द धरले तर तीच चूक होईल. मोजावयाचे ते धातू आणि त्यांतील भेद.

तथापि टीकेचा अर्थ 'मूळ कल्पनाच खोटी' असा घेऊ नये. चार्ल्स केम्प, टेरी रेगिअर आणि त्यांच्या सहकारी यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, हिम आणि गोठलेले पाणी या दोहोंना एकच शब्द असणाऱ्या भाषा प्रायः उष्ण प्रदेशांत आढळतात. मराठीचा दाखला याला जुळतो. आकाशातून भुरभुरणारे आणि पेल्यात टाकलेले, दोन्ही आपल्या बोलण्यात 'बर्फ'च. आणि तो शब्दही फारसीतून आलेला. केम्प आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये १,५७४ द्वैभाषिक शब्दकोशांची संगणकीय तपासणी प्रसिद्ध केली. मंगोलियन भाषेत घोड्यांविषयी शब्द पुष्कळ आहेत, यांसारख्या पूर्वी केल्या गेलेल्या १६३ विधानांपैकी १४७ विधानांना तीत दुजोरा मिळाला. मात्र कोश हा भाषेचा संपूर्ण आरसा नसतो. कोशकाराने ज्याला विचारले आणि जे टिपले, तेवढेच त्यात उतरते, ही मर्यादा येथेही लक्षात ठेवावी.

७. शब्द नसणे म्हणजे विचार नसणे नव्हे

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती ते उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणारी लहान भरती तो भांग. किनाऱ्यावर हे दोन्ही शब्द जोडीने राहतात, कारण होडी केव्हा काढावी आणि कालवे वेचावयास केव्हा जावे हे त्यांवर ठरते. देशावर यांपैकी 'उधाण' पोहोचले, तेही 'उत्साहाला उधाण आले' अशा लाक्षणिक रूपात. 'भांग' मात्र तेथे केसांतला किंवा प्यायचा.

म्हणून सोलापूरच्या विद्यार्थ्याला लहान-मोठ्या भरतीतील फरक समजणार नाही काय? दोन वाक्यांत सांगितले की तो समजतो. फरक एवढाच की, जे मच्छीमार एका शब्दात सांगतो, ते इतरांना वर्णनाने सांगावे लागते. शब्दामुळे विचार हाताशी राहतो, पटकन सांगता येतो, पुढच्या पिढीला सहज देता येतो. परंतु शब्दावाचून तो अशक्य होत नाही. आणि गरज उत्पन्न झाली की भाषा शब्द घडवते किंवा घेते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने प्रशासन आणि शास्त्रे यांसाठी जे परिभाषाकोश सिद्ध केले, त्यांमागे हीच गरज होती.

त्याच सोलापूरच्या विद्यार्थ्याकडे ज्वारीच्या क्षेत्रातील शब्द असतात : कोवळ्या दाण्यांचा हुरडा, कणीस, ताट, कडबा, कण्या. जनावरांच्या क्षेत्रात तो कालवड, गोऱ्हा, खोंड, बैल आणि वळू असे वय, लिंग व उपयोगाप्रमाणे भेद सहज करतो. म्हणून 'मराठी या क्षेत्रात समृद्ध आहे' असे म्हणताना कोणाची मराठी, हे विचारले पाहिजे. हिलरी पटनम यांनी १९७५ मध्ये 'भाषिक श्रमविभागणी'ची कल्पना मांडली. भाषेतील सर्व शब्दांचे नेमके ज्ञान कोणा एकाजवळ नसते. ते समाजात वाटलेले असते. एकाच गावात जाळ्याचे आणि माशांचे शब्द खारव्याकडे, माडाचे आगरवाल्याकडे आणि कांडण-सडणाचे घरातील वृद्ध स्त्रियांकडे असतात.

८. प्रमाणभाषा, बोली आणि आपण

संपर्क सत्रांत एक अनुभव वारंवार येतो. किनारपट्टीवरून किंवा खेड्यातून आलेले विद्यार्थी घरचा एखादा शब्द उच्चारतात आणि लगेच म्हणतात, 'पण हा आमचा गावठी शब्द आहे.' त्या जागी प्रमाणभाषेतील शब्द कोणता, असे विचारले तर पुष्कळदा असा शब्द नसतोच. 'खाजण' टाळून 'दलदल' लिहिले, तर भाषा शुद्ध होत नाही. एक भेद पुसला जातो. प्रमाणभाषेचे कार्य दूरदूरच्या लोकांना जोडणे हे आहे. त्या कार्यासाठी तिने अनेक स्थानिक भेद बाजूला ठेवले. याचा अर्थ ते भेद हलके होते असा नाही. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२–१९३८) कोकण, राजापूर, गोवा इत्यादी प्रदेशांच्या खुणा करून अशा शब्दांना मराठीच्या कोशात स्थान दिले, ते याच जाणिवेने.

व्यवहार बदलला की शब्दही बदलतात. पिठाची गिरणी आली तरी दळण राहिले, म्हणून 'दळणे' टिकले. पाटा-वरवंटा आणि उखळ मागे पडले. आता वाटणे, कुटणे आणि भरडणे यांतील बरेचसे काम 'मिक्सरला लावणे' या एका प्रयोगाने भागते. यात शोक करण्यासारखे काही नाही. गेलेली मेहनत पुन्हा यावी असे ती करणाऱ्या कोणत्याही स्त्रीला वाटणार नाही. परंतु शब्दाबरोबर त्या कामातील ज्ञानही जाते, आणि ज्यांना ते ठाऊक आहे ती माणसे आज आपल्या घरात आहेत. त्यांचे शब्द नोंदविण्याचे काम ग्रंथालयात बसून होणार नाही. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला घर आणि काम सोडून शिकावे लागत नाही. या अभ्यासात ती त्याची अडचण नसून सोय आहे.

९. सारांश

अनुभवाचा एक विभाग वाटून घेणाऱ्या शब्दसमूहाला अर्थक्षेत्र म्हणतात. शब्दसमृद्धी पर्यायांची आणि भेदांची अशी दोन प्रकारची असते. उपजीविका, समाजरचना, संकेत आणि भाषासंपर्क यांमुळे विशिष्ट क्षेत्रांत शब्द दाटतात. शब्दांची संख्या मोजताना धातू आणि भेद पाहावेत, रूपे नव्हेत. शब्द नसणे हा विचार नसल्याचा पुरावा नव्हे. आणि बोलीतील भेदवाचक शब्द हे प्रमाणभाषेचे अशुद्ध रूप नव्हे.

१०. स्वयं-अध्ययन प्रश्न

१. 'सागर–अर्णव' आणि 'पुळण–खाजण' या जोड्यांच्या आधारे पर्यायबाहुल्य व भेदबाहुल्य यांतील फरक स्पष्ट करा.
२. दळणे, वाटणे आणि उगाळणे या क्रियापदांचे अर्थघटक सांगा. घोटणे, खलणे आणि चेचणे यांची भर घालून तक्ता पूर्ण करा.
३. 'ज्या भाषेत शब्द अधिक, ती भाषा श्रेष्ठ' या विधानाची चिकित्सा करा.

११. उपक्रम

आपल्या घरातील किंवा गावातील एका जाणत्या व्यक्तीची निवड करा. तिच्या कामाच्या एका क्षेत्रातील (शेती, मासेमारी, विणकाम, सुतारकाम, स्वयंपाक इ.) पंचवीस शब्द नोंदवा. प्रत्येक शब्दापुढे लिंग, अर्थ आणि त्या व्यक्तीने स्वतः बोललेले एक वाक्य लिहा. अर्थ जवळचे वाटतील अशा प्रत्येक जोडीबाबत 'हे आणि ते एकच का?' असे विचारा आणि मिळालेले उत्तर तिच्याच शब्दांत टिपून घ्या. शब्द सुधारून लिहू नका. जेथे ती व्यक्ती 'एकच कसे असेल?' असे म्हणून थांबेल आणि फरक समजावू लागेल, तेथे आपला अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला असे समजावे.